ओठांवरची नाटकं

मिशीवाला वक्ता व्यासपीठावर आला की आमचं व्याख्यान बुडालंच म्हणून समजा. हे मला कोपरानं ढोसायचे आणि तोंड वाकडं करायचे. ओठ दिसले नाहीत तर यांना भाषणाचा काय उपयोग? माइक तोंडाला चिकटवून बोलणाऱ्यांवर तर यांचा विशेष राग. अशा एका विद्वानाला हे भाषण संपल्यावर भेटायला गेले, आणि माइक जरा खाली धरत जा, असं तोंडावर सांगून आले. मी दूर उभी राहून, हे माझे कुणी नव्हेत, असा चेहरा केला होता.

माझे यजमान भिवंडीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला लूम दुरुस्त करून चालू करणारे. उभं आयुष्य त्या खडखडाटात काढलं आणि कान त्यालाच देऊन आले. आमच्या गावात यात नवल काही नाही. लूमवरची माणसं एकमेकांचं बोलणं ऐकत नाहीत, बघतात. आवाज चढवून उपयोगच नसतो, तेव्हा नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. शेडच्या त्या टोकाहून कारागिरानं हासडलेली शिवीसुद्धा यांना इकडून दिसायची. घरी आले तरी ती सवय सुटत नसे. कधी नुसतेच ओठ हलवायचे आणि मी उत्तर दिलं नाही म्हणून चिडायचे, तर कधी मीठ मागताना शेजारच्या चाळीला जाग आणायचे. आपण आवाज काढला की नाही, हे यांचं यांनाच कळत नसे.

माझं माहेर कल्याणचं, आणि मला नाटकाचं वेड. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा वाटलं, हे आता संपलं. पण हे आपण होऊन म्हणाले की तुला आवडतं ना, मग जाऊ. तेव्हापासून ठाणे, कल्याण, डोंबिवली, जिथे काही चांगलं असेल तिथे आम्ही जात आलो. तिकीट कायम पहिल्या रांगेचं. गाण्याच्या मैफलीत हे तबलजीच्या बोटांकडे बघत बसत. नाचाच्या कार्यक्रमात, जिथे बोलणं नाही म्हणून यांची खरी सोय, तिथे हमखास झोपत. जीव होता तो नाटकात.

काही निसटलं तर हे माझ्याकडे वळत आणि आवाज न काढता विचारत. रंगमंचावरचा उजेड आमच्या तोंडावर पडलेला असे, त्यात मीही नुसत्या ओठांनी उत्तर देई. मागे बायका कुजबुजत, कुणाचा मोबाइल वाजे, आणि आम्ही दोघं सगळ्या नाटकभर गप्पा मारूनही सभागृहातले सगळ्यात शहाणे प्रेक्षक ठरत असू. मला त्याचा फार तोरा होता. मोबाइलवाल्यांकडे मी अशी वळून बघायचे की ते खाली बघत.

मग साखरेनं डोळे धरले. आधी डावा गेला. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं जपा. कान गेल्याचं मला कधी फारसं वाटलं नव्हतं, पण या वेळी मी घाबरले. डोळे गेले की नाटक जाणार, आणि नाटक गेलं तर आमच्या दोघांत उरतं काय? गोळी घेतली का, दूध आलं का, एवढंच. मुलगी पुण्याला असते. घरात आम्ही समोरासमोर बसून म्हातारे होणार, आणि एकमेकांचं बोलणं एकमेकांना पोचणार नाही. मी हे कुणाला बोलले नाही. यांना तर नाहीच.

म्हणून रविवारचा दुपारचा ठाण्याचा प्रयोग मीच ठरवला. पहिली रांग, अगदी मधोमध. म्हातारा बाप आणि घर विकायला निघालेला त्याचा मुलगा, असं नाटक होतं. पहिला अंक बरा गेला. मध्यंतरात यांनी मला गोष्ट विचारली, मी सांगितली, यांनी मान डोलावली. किती दिसतंय, हे मी विचारलं नाही. मला ते ऐकायचंच नव्हतं.

दुसऱ्या अंकात उजेड मंद केला होता. मुलगा भांडून निघून जातो आणि बाप दाराकडे बघत नुसता उभा राहतो. नटानं ती शांतता छान धरली होती. सगळं थिएटर श्वास रोखून होतं, आणि मीही. तेवढ्यात यांनी माझ्याकडे वळून विचारलं,

"पोरगा गेला काय?"

लूमच्या शेडमध्ये पोचेल असा आवाज. मागे कुणी फिसकन हसलं. मी यांचं मनगट दाबलं. माझे ओठ यांना त्या अंधारात दिसत नव्हते. यांनी डोळे बारीक केले, आणखी जवळ आले आणि तेच पुन्हा विचारलं, तेवढ्याच आवाजात. आता सगळेच हसले.

नट थांबला. पुढे आला, रंगमंचाच्या अगदी कडेला, आमच्यासमोर, आणि वरच्या दिव्यात उभा राहून म्हणाला, "आजोबांना बाहेर न्या, प्लीज. असं काम करता येत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनी वर बघितलं, हसले आणि नटाला हात जोडले. मला वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्याशी येऊन बोलला, या आनंदात आहेत. नटाचं चुकलं नव्हतं, मी त्याच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. तरी त्या क्षणी त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, आणि टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या.

मी यांना उठवलं. हे एका शब्दानं काही न विचारता माझ्यामागे बाहेर आले. बटाटेवड्याच्या काउंटरपाशी चहा घेतला, आणि बस धरली.

मानकोलीला कंटेनरच्या रांगेत बस अडकली. ऊन उतरलं होतं, पण खिडकीतून चांगला उजेड येत होता, माझ्या तोंडावर पडेल असा. तेवढ्या जवळून यांना माझे ओठ अजून वाचता येतात. मी यांच्याकडे वळले आणि एकेक शब्द सुटा करत सांगितलं की दिवे बिघडले, म्हणून प्रयोग बंद केला. तो नट पुढे आला ना, तो प्रेक्षकांची माफी मागत होता. तिकीट पुन्हा मिळणार आहे. आपण परत येऊ.

यांनी माझं बोलणं शेवटपर्यंत बघितलं. मग मान हलवली.

"न्हाय," हे म्हणाले. "आजोबांना बाहेर न्या, असा बोलला तो. जवल आलता ना. दिसला मला. म्हणून तर हात जोडले त्याला."

कंडक्टरनं वळून बघितलं, पुढच्या सीटवरच्या दोन बायकांनीही. यांना ते दिसलं नाही. बस थोडी सरकली, पुन्हा थांबली.

"आगं," हे म्हणाले, "मला वाटला, मी आवाज काढलाच न्हाय."