खिडकीवाली खोली, सिंगापूर

“फक्त आडनाव सांगा,” कमलाभाभी फोनवर म्हणाल्या. “बाकी मला काही नको.”

मी विचारलं, कशाला?

“असंच. एका खोलीत झोपायचं आहे, तर माहीत असावं ना.”

आमच्या ऑफिसची सिंगापूरची ग्रुप टूर निघत होती. गोंदियाच्या बाजारातलं एका गाळ्याचं ऑफिस. त्यात शेठ, मी आणि एक सारखा अडकणारा प्रिंटर. ग्रुपमध्ये बहुतेक जोडपी होती, राइस मिलवाली नाहीतर दुकानदार. एकट्या बायका दोनच. एक कमलाभाभी, बाजारातल्या मोठ्या किराणा दुकानाच्या मालकीण, नवरा वारलेला. दुसऱ्या मंदाताई, फुलचूरच्या, मुलींच्या वसतिगृहाच्या निवृत्त अधीक्षिका.

आमच्या धंद्यात टूरचा दर ‘ट्विन शेअरिंग’वर सांगतात. म्हणजे एक खोली दोघांत. जोडीदार नसेल तर कंपनी लावून देते. तोही नको असेल तर ‘सिंगल सप्लिमेंट’ भरा. सप्लिमेंट म्हणजे एकटं असल्याचा दंड. ‘दंड’ हा शब्द माझा आहे, ब्रोशरमध्ये तो सापडणार नाही. मंदाताईंच्या पेन्शनीत तो बसत नव्हता, म्हणून शेठनी दोघींना एका खोलीत टाकलं होतं.

आडनाव कशासाठी विचारतात, हे आपल्याकडे चौथीतल्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, “भाभी, त्या घोरत नाहीत, एवढं नक्की सांगते.” भाभींनी फोन ठेवला आणि तोच प्रश्न शेठना विचारला. शेठनी सांगून टाकलं. संध्याकाळच्या आत निरोप आला की खोली बदलून द्या.

मी या धंद्यात येण्याआधी बिडी वळणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी पत्रकं लिहीत होते. पत्रकावर पोट भरत नाही म्हणून इथे आले. पण हात तोच. शेठना म्हटलं, भाभींना स्पष्ट सांगा की आम्ही जात बघून खोली देत नाही.

शेठ शांतपणे म्हणाले, “मॅडम, ये मोर्चा नहीं है, टूर है. भाभींसोबत घरची दोन जोडपी, म्हणजे चार पॅक्स आहेत. मंदाताई एक पॅक्स. तूच हिशोब कर.”

पॅक्स म्हणजे प्रवासी. आमच्या धंद्यात माणसाला माणूस म्हणायची पद्धत नाही.

त्या दुपारी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक पानभर मजकूर लिहिला. ग्रुपमधल्या सगळ्यांना वाटायचा होता. ‘ज्या शहरात चार धर्मांची माणसं एका जिन्यावरून चढतात-उतरतात, तिथे तुम्ही आपली जात बॅगेत घालून नेणार का?’ असं पहिलं वाक्य होतं. मला ते फार आवडलं होतं. वाटण्याआधी मंदाताईंची परवानगी घ्यावी म्हणून सायकल काढली आणि फुलचूरला गेले.

ताईंनी चष्मा लावून पान शेवटपर्यंत वाचलं. घडी घातली. मग चहा ठेवला.

“छान लिवतेस,” त्या म्हणाल्या. “पण वाटू नको.”

“काऊन, ताई? तुम्हाला राग नाही आला?”

“आला ना. यायचाच. पण तिले सुधारायले मी सिंगापूरले नाई जाऊन राहिली.”

ताई पुढे म्हणाल्या की तिनं नाही म्हटलं ते एका अर्थी बरंच झालं. कारण त्यांना तरी कोणासोबत झोपायचं होतं? सौंदडला लहानपणी एका खोलीत सात जण. नोकरी लागली तर वसतिगृहाच्या दारालगतची खोली, तिचं दार रात्रभर उघडं ठेवायचा नियम. कोणाला ताप आला, कोणी घराच्या आठवणीनं रडलं, की हाक ताईला. त्या खोलीला खिडकी होती, पण समोर पाण्याच्या टाकीची भिंत. निवृत्तीनंतर भाऊ वारला, त्याचं कुटुंब ताईंच्या घरात आलं.

“मले एक खोली पायजे,” ताई म्हणाल्या. “एकटीले. वरच्या माळ्यावर. खिडकीची. दोन-तीन दिवसासाठी पायजे, जन्मभर कोण मांगून राहिलं?”

मग त्यांनी एक फोटो दाखवला. त्यांच्या वसतिगृहातली एक मुलगी पुढे नर्स होऊन सिंगापूरला काही वर्षं होती. तिनं तिथून पाठवलेला. फोटोत उंच सरकारी इमारत. प्रत्येक मजल्यावर खिडक्या, प्रत्येक खिडकीतून बाहेर आडवा निघालेला बांबू, आणि बांबूवर कपडे. एका बांबूवर लुंग्या, शेजारच्यावर साडी, वरच्यावर फुलाफुलांचे लांब झगे, खाली शाळेचे गणवेश. पन्नास घरांचं वाळवण आभाळात लटकलेलं. मुलगी आता दुसऱ्या देशात गेली होती. फोटो मात्र ताईंच्या उशाशी राहिला होता.

“हे समोर दिसलं पायजे,” त्या म्हणाल्या. “खिडकीतून. सकाळी उठल्याबराबर. बाकी तुमचे कारंजे-फिरंजे राहू द्या.”

मी ऑफिसात येऊन सांगितलं की मंदाताई ग्रुपमधून बाहेर, त्यांची वेगळी ट्रिप मी आखणार. शेठ हसले.

“सिंगापूर जाके खिडकीत बसणार? खिडकी तो फुलचूर में भी है.”

“त्या खिडकीत भावाची नातवंडं बसतात,” मी म्हटलं.

शेठनी परवानगी दिली, पण ऑफिसच्या वेळेत नाही. म्हणून आमच्या बैठका रविवारी फुलचूरला व्हायच्या. माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा काळ कोणता विचाराल तर ते रविवार.

कमी खर्चाची ट्रिप आखायची म्हणजे आधी आपल्या गावाकडे नीट बघायचं. सगळे मुंबईला जाऊन विमान पकडतात. पण गोंदिया हावड्याच्या लाइनीवर आहे. गाडीत बसा, दुसऱ्या टोकाला कोलकाता. तिथून सिंगापूरचं स्वस्तातलं विमान मिळतं, फक्त सामान हातात मावेल एवढंच न्यायचं. ताईंनी बॅग गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली. दुकानदारानं विचारलं, काय विकायचं आहे? ताई म्हणाल्या, काहीच नाही, मी जाऊन राहिली.

प्रवासासाठी मेट्रो आणि बस. खाण्यासाठी सरकारनं बांधलेल्या छपराखालचे ठेले. तिथे चिनी, मलय, तमिळ सगळे आपापला पदार्थ घेऊन एकाच टेबलावर बसतात आणि हॉटेलच्या मानानं स्वस्तात जेवण होतं. हे मी इंटरनेटवरून छापून आणायचे. ताई नकाशा पलंगावर पसरायच्या, कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवायच्या, आणि डोळे मिटायच्या.

“उतरली मी मेट्रोतून. आता?”

“डावीकडे वळा. मशीद लागेल. हिरवी.”

“लागली. मंग?”

“देऊळ. तमिळ लोकांचं. दारावर खूप मूर्ती आहेत, रंगवलेल्या.”

“अन मंग?”

“थोडं पुढे विहार. लाल, चार-पाच मजल्यांचा.”

पंखा फिरायचा, नकाशाचा कागद कपांखाली फडफडायचा. मला खरंच वाटायचं की आम्ही त्या रस्त्यावर उभ्या आहोत आणि वारा दमट आहे.

“एकाच रस्त्यावर तिघं,” त्या म्हणायच्या. “भांडत नसतीन का वो?”

मी वाचलं होतं ते सांगितलं. तिथल्या सरकारी इमारतींमध्ये कोणत्या समाजाची किती घरं असावीत, हे सरकार ठरवतं. एकाच समाजाची वस्ती होऊ देत नाही. शेजार कायद्यानं लावून दिला आहे.

“बरोबर आहे,” ताई म्हणाल्या. “कायद्यानंच होते ते. मनावर सोडलं असतं तर आडनावच विचारत बसले असते.”

मी हेही सांगितलं, कारण मला अर्धवट सांगता येत नाही. त्या चकचकीत इमारती बांधायला आपल्याकडचे, बांगलादेशचे मजूर जातात, आणि त्यांना गावाबाहेरच्या डॉर्मिटरीत एका खोलीत दहा-दहा, बारा-बारा ठेवतात. माझा आवाज चढला होता. ताईंनी डोळे उघडले.

“त्यायच्या खोलीले खिडकी असन का?”

त्या रविवारी आम्ही पुढे चाललो नाही.

आता खरी अडचण. सिंगापूरच्या स्वस्त हॉटेलांत सगळ्यात कमी दराच्या एकट्याच्या खोलीला बऱ्याचदा खिडकीच नसते. जागा महाग, म्हणून इमारतीच्या पोटातल्या खोल्या स्वस्तात देतात. फोटोत पलंगामागे मस्त पडदा दिसतो. पडद्यामागे भिंत असते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकी भडकले की शेठ म्हणाले, पाणी पी.

मग मी एकेका हॉटेलला मेल आणि फोन सुरू केले. माझं इंग्लिश पत्रकाचं, त्यांचं सिंगापूरचं. खिडकी आहे का? आहे. बाहेर उघडते का? नाही, कॉरिडॉरमध्ये. दुसरीकडे खिडकी बाहेर उघडत होती, समोर एसीच्या पेट्या. तिसरीकडे खिडकी इतकी वर की बाहेर बघायला स्टूल लागेल. एका रिसेप्शनिस्टनं वैतागून विचारलं, पाहुण्या आहेत की पक्षी?

शेवटी जुन्या वस्तीतलं एक हॉटेल सापडलं. सातवा मजला, रस्त्याच्या बाजूची खोली, समोर सरकारी वसाहत. मी विचारलं, समोरच्या खिडक्यांतून बांबूवर कपडे वाळतात का? त्यानं मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग तो माणूस म्हणाला की हो, वाळतात, आणि याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. मी म्हटलं, मग हे मेलवर लिहून द्या. त्यानं दिलं.

ती खोली बिनखिडकीच्या खोलीपेक्षा बरीच महाग होती. कात्री घेऊन बसलो. मोठं मनोरंजन पार्क कापलं. रात्रीचं प्राणिसंग्रहालय कापलं. केबल कार कापली. चार रात्रींच्या तीन केल्या. प्रत्येक वेळी मी ताईंच्या तोंडाकडे बघायचे, की आता वाईट वाटेल. त्या म्हणायच्या, “काट.” शेवटी ट्रिपमध्ये उरलं काय, तर तीन देवस्थानांचा एक रस्ता, जेवणाचे ठेले, एक बाग, आणि खिडकी.

इकडे ग्रुपमध्ये दुसरी एकटी बाई उरली नाही. त्यामुळे कमलाभाभींना सिंगल सप्लिमेंट भरावं लागलं. त्या शेठशी भांडल्या, मग भरलं. दंड शेवटी ज्यानं भरायचा त्यानंच भरला. शेठनी त्या दिवशी माझ्याकडे बघितलं आणि पावती फाडली. ऑफिसचं नुकसान झालं नव्हतं.

ताई गेल्या. कोलकात्याहून फोन आला, विमानतळावर जेवण महाग आहे म्हणून. मग दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना सिंगापूरहून आला.

“पोरी, पडदा सरकवला. मांगं भिंत आहे.”

हॉटेलवाल्यांनी त्यांना चौथ्या मजल्यावरची आतली खोली दिली होती. सातव्या मजल्यावरचे पाहुणे एक दिवस वाढवून राहिले होते म्हणे. खोली तेवढीच, एसी आहे, झोपायचंच तर आहे, असं रिसेप्शनवाला सांगत होता. ताईंना त्यातलं निम्मं कळत होतं.

मी विचारलं, आता कुठे आहात?

“खालीच बसली. त्यायच्या सोफ्यावर. बॅग घेऊन आली मी वापस.”

“उठू नका,” मी म्हटलं.

“कायले उठू? हॉस्टेलमधी लोकायले असे लय बसवले, अन साहेबायच्या दारात मी बी लय बसली.”

मी हॉटेलवाल्यांना त्यांचाच मेल परत पाठवला. वर चार ओळी लिहिल्या. या वेळी आवडावं असं एकही वाक्य लिहिलं नाही. सातवा मजला, रस्त्याची बाजू, समोरची वसाहत, हे तुम्ही लिहून दिलेलं आहे आणि पैसे तुम्ही त्याचे घेतलेले आहेत. पाहुण्या तुमच्या लॉबीत आहेत आणि त्या खोली मिळेपर्यंत तिथेच राहतील. मग मॅनेजरला फोन केला. त्यानं उद्या बघू म्हटलं. मी परत केला. शेठ माझ्याकडे बघत होते. ऑफिसच्या फोनवरून आयएसडी चाललं होतं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी उठून रिसीव्हर माझ्या हातातून घेतला आणि हिंदी-इंग्लिशमध्ये मॅनेजरला म्हणाले की आमचे ग्रुप दर वर्षी तुमच्या शहरात येतात, कुठल्या हॉटेलात उतरवायचे ते आम्ही ठरवतो. एवढंच. फोन ठेवून म्हणाले, “कस्टमर आहे, बस. तू आता भाषण नको देऊ.”

सिंगापूरला संध्याकाळ व्हायच्या आत खोली मिळाली. सातव्या नव्हे, नवव्या मजल्यावरची. रिसेप्शनवरच्या एका मलय मुलीनं ताईंना तोवर दोनदा चहा दिला होता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

सकाळी फोन आला. आमच्याकडे नीट उजाडलंही नव्हतं, तिथे उन्हं आली असावीत.

“बांबू आहेत,” ताई म्हणाल्या. एवढ्या हळू, जणू जोरात बोललं तर कोणी ते आत घेईल.

मी विचारलं, काय काय वाळतंय?

“थांब. एक म्हातारी टाकून राहिली. लाल चादर आहे. तिच्या खाली लुंगी. त्याच्या बाजूले साडी वो, आपल्यावानी, निळी. हवा सुटली का सगळं एका बाजूले जाते.”

रोमिंगचं मीटर चालू होतं. रोमिंगवर मोजून बोला, असं मीच त्यांना शिकवलं होतं. मी फोन ठेवला नाही. पलीकडून गाड्यांचा बारीक आवाज येत होता, आणि मध्येच काहीतरी फडफडल्यासारखं.

तीन दिवसांनी ताई परत आल्या. शेठनी विचारलं, काय काय पाहिलं? त्यांनी सांगितलं, सकाळ पाहिली, तीन वेळा. शेठना ते पॅकेज म्हणून विकता येईना, म्हणून त्यांनी विषय सोडला.

आपण कुठे जाणार असाल आणि हॉटेलच्या फोटोत पडदा दिसला, तर पडद्यामागे काय आहे ते विचारा. उत्तर लेखी घ्या. आणि लेखी घेतलं तरी बॅग लगेच उघडू नका.