जमिनीवर ठेवलेला चाकू
काल चाकूच्या बिजागरीत खोबरेल सोडलं आणि त्या वासासरशी नागपूरच्या घरातली आजोबांची पेटी आठवली. ते मिटणारे चाकू जमवत. बोरूची लेखणी नीट कापणाऱ्या नातवाला त्यातला एक मिळे. मीही मागितला. "पोरीले चाकू काहून पाहिजे वं?" आत्या म्हणाली. आजोबांनी मात्र बोरू पुढे केला. मी टोक तिरपं कापायचं सोडून शाळेतल्या टाकासारखं अणकुचीदार केलं. माझे भाऊ हसले, माझा चाकू गेलाच असं वाटलं. "हा तं इंग्रजीचा टाक झाला वं! पण कापला साफ," म्हणत आजोबांनी शिसवी मुठीचा चाकू जमिनीवर ठेवला. हातात दिला तर भांडण होतं म्हणे. म्हणून, बाळांनो, तुम्ही मागितलात तरी हा चाकू टपालानं पाठवत नाही. या, मी जमिनीवर ठेवीन, तुम्ही उचला.