बायचे खोटे मासे

आमच्या गावात गळ टाकणारी बाई एकच होती, आणि तिने सत्तरी ओलांडली होती. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात परदेशी रिळाची काठी घेऊन ती पेज नदीच्या खडकावर उभी राहायची. परगावची माणसं थांबून बघत. गावातल्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. सगळे तिला बाय म्हणत, मीही. गाव भिवपुरीच्या वीजघराच्या खालच्या अंगाला. मी तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून आलो आणि तिच्या शेजारची खोली भाड्याने घेतली, तेव्हापासूनची आमची ओळख.

बाय गळाला गांडूळ लावत नसे. तिच्याकडे प्लास्टिकचे रंगीत मासे होते, पोटाखाली तीनतोंडी गळ आणि तोंडाशी पारदर्शक जीभ असलेले. दोरा ओढला की त्या जिभेमुळे ते बुडी मारून थरथरत पोहायचे. क्रँकबेट म्हणतात त्यांना. बाय म्हणायची, खोटे मासे. तिच्या मुलाने, संदेशने, ते अमेरिकेहून एका मित्राबरोबर पाठवले होते. तो तिकडे सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जाऊन बास नावाचा मासा धरायचा. आमच्या नदीत बास कुठला असणार? पण मरळही त्या खोट्या माशाला फसायची.

हे सुरू कसं झालं ते तिनेच एकदा सांगितलं. नवरा गेला तेव्हा संदेशला वेळेत येता आलं नाही, कागदपत्रांत काहीतरी अडलं होतं. त्यानंतर दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. पण जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढ्यावर बोलणं संपायचं. एका रविवारी त्याने हातात धरलेला बास फोनवर दाखवला. बायचं माहेर खालापूरकडचं, लहानपणी भावांबरोबर ओढ्यात मासे धरलेली. तिने विचारलं, हा कशावर घावला? त्या दिवशी मायलेकरं बऱ्याच काळाने पोटभर बोलली.

"नदीवर नाय गेले तर रविवारी त्याला सांगू काय, गुरुजी?" ती मला म्हणाली होती.

म्हणून ती जायची. खाण्याची हौस म्हणावी तर एकटीसाठी मासा कापायचा तिला कंटाळा. घावलेली मरळ बहुतेक वेळा माझ्या दारात यायची.

नदीवर पोचली की ती आधी नुसती पाण्याकडे बघत बसायची. पाणी गढूळ असलं तर पिवळा, पोटात मणी खुळखुळणारा मासा काढायची. "गढूळ पान्यात मरलीला दिसत नाय, आयकू यावं लागतं," हे तिचं म्हणणं. थंडीत पाणी नितळ झालं की बिनआवाजाचा रुपेरी, आणि रीळ अगदी सावकाश. उथळ दगडांत आखूड जिभेचा, डोहात लांब जिभेचा, कारण तो खोल जातो. एवढं संदेशने शिकवलेलं. पण वीजघरातून पाणी सुटलं की आमची नदी भर उन्हाळ्यातही बघता बघता चढते. तेव्हा मासा धार सोडून काठच्या झाडांच्या मुळांशी येतो, हे तिने स्वतः हेरलं आणि त्याला सांगितलं. तळ्यावरच्या माणसाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो तिचं ऐकून घेतो, याचं तिला फार अप्रूप होतं.

एका हिवाळ्यात त्याचे फोन बंद झाले. रविवारी ती फोन मांडीवर घेऊन पडवीत ऊन चढेपर्यंत बसायची. मी म्हटलं, रेंज नसेल. ती म्हणाली, कामात असंल. पुढचे काही आठवडे ती नदीवर गेली, पण परतताना काठी कोरडी असायची. गळ टाकलेलाच नसायचा. नंतर कळलं, त्याची नोकरी गेली होती आणि आईला ते सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

दुसरी नोकरी मिळाल्यावर फोन पुन्हा सुरू झाले आणि पुढच्या दिवाळीच्या सुमारास तो आला, बायको-मुलीला तिकडेच ठेवून एकटाच. दोन दिवस त्याने घरातला पंखा दुरुस्त केला, फुटकी कौलं बदलली. तिने त्याच्या आवडीचं रांधलं. फोनवर बोलणारी ती दोघं घरात मात्र अवघडून वावरत होती. तिसऱ्या दिवशी बाय त्याला घेऊन नदीवर निघाली आणि मलाही चला म्हणाली. त्याच्याशी एकटीने काय बोलावं, याची बहुधा तिला धास्ती वाटत असावी.

संदेशने लांब फेक केली आणि रीळ भराभर फिरवू लागला.

"हलू रं," बाय म्हणाली. "पानी गार झालंय."

त्याने वेग कमी केला. मग पाण्यावरची नजर न काढता त्याने विचारलं, "आये, बाबांनी शेवटी माझं नाव काढलं होतं?"

"नाय. सकाली चा घेतला, भातकापनीचं बोलले नि खाटेवर आडवे झाले. झोपेतच गेले. तुझी वाट बघत नाय गेले."

"काका म्हणाले होते, बाबा शेवटी दाराकडे बघत होते."

"काका नव्हता तिथं. मी होते."

त्याने काठी खडकावर ठेवली आणि खाली बसला. इतकी वर्षं तो ते दार डोक्यात घेऊन जगत होता. बायने आपला दोरा पूर्ण गुंडाळला, मग त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी नदीच्या वरच्या अंगाला चालत निघालो.

पुढच्या पावसाळ्यात बाय आजारी पडली. तिला कर्जतच्या दवाखान्यात ठेवलं. मीच संदेशला फोन केला, आणि या वेळी तो पोचला. रोज तिच्या उशाशी बसायचा. मी चहा घेऊन जायचो तेव्हा त्यांचं बोलणं कानावर पडायचं: नातीचे पडलेले दात, बाबांचा तापट स्वभाव, त्याची गेलेली नोकरी. माशांचं एकदाही निघालं नाही.

बायचं दिवसकार्य आटोपून संदेश परत गेला, घराला कुलूप लागलं. माझी बदली अजून झालेली नाही. शाळा सुटली की खोलीवर येतो, दिवा लावतो. आज काय झालं ते सांगावं, असं या आळीत आता कोणी नाही.