फासा न टाकता ओलांडलेली खिंड

ऐंशीच्या दशकात माझा मेहुणा बोटीवर नोकरीला होता. एका सुट्टीत त्याने परदेशातून एक खोका आणला. आत जाडजूड नियमपुस्तक आणि चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे. पट नव्हताच. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलून सांगायचं. ते जमेल का, अशी शंका आली की फासा टाकायचा. पुस्तक पूर्ण वाचलेला मी एकटाच, म्हणून गोष्ट सांगणं माझ्याकडे आलं.

मिरजोळ्याच्या कारखान्यातले आम्ही चौघे रविवारी खेळायचो. आमचा खेळ म्हणजे हिशेब. गोष्टीतल्या खिंडीत राक्षस वाट अडवून बसलेला. त्याला मारायला वीस बाजूंच्या फाशावर अठरा किंवा वर हवेत. म्हणजे विसात तीन.

"ढाल घेतली तर किती वाढतात?" आमचा स्टोअरकीपर विचारायचा.

"एक."

"मग दोन ढाली घेतो!"

दर वेळी मेले.

मे महिन्यात सासुरवाडीला, वेळणेश्वरला, हीच गोष्ट मी बायको, तिची वहिनी आणि तिचे काका यांच्यासमोर मांडली. इथे फाशाला कोणी हात लावीना. वाटेत व्यापारी भेटला की त्याचं गाव, बायकामुलं, सगळी चौकशी. एक अख्खी संध्याकाळ ही मंडळी पहिल्या गावाबाहेर पडली नाहीत. मी वैतागलो. मेहुणा मात्र खूश. म्हणाला, "मी बोटीवर परत जायच्या आत जो गट खिंड ओलांडेल, खोका त्याचा."

बायकोला तो खोका हवाच होता. "एरवी मी दुसऱ्यांनी ठरवलेलं करते," ती मला म्हणाली. "यात मी ठरवते."

कारखान्यात बोंब झाली, की मी सासुरवाडीला झुकतं माप देणार. म्हणून साक्षीदार म्हणून मी स्टोअरकीपरलाच बोलावलं. तोही सुट्टीला जवळच हेदवीला, आपल्या गावी आला होता. सुरुवातीलाच मी नियम वाचून दाखवला: हजर असलेल्या कोणाचाही आक्षेप असेल तर फासा, नसेल तर बोललेलं घडलं.

"माझा आक्षेप धरूनच चाला," तो म्हणाला.

मंडळी खिंडीत पोचली. काकांनी सुस्कारा सोडून फाशाकडे हात नेला.

"थांबा काका," बायको म्हणाली. "तो इथला राखणदार आहे. त्याला न विचारता आत कसं शिरायचं?"

तिने पडवीच्या कोपऱ्यातला नारळ उचलला. राक्षसाच्या वतीने बोलणारा मी, म्हणून माझ्यासमोर उभी राहिली आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काका आणि वहिनी.

"ही लेकरं तुझ्या दारात आली आहेत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचं काही चुकलं असेल तर पदरात घे, नि यांना सुखरूप पलीकडे ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या शेवटच्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज स्टोअरकीपरचा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले. लहानपणापासूनची सवय.

"राक्षस बाजूला सरकतो," मी म्हणालो. "कोणाचा आक्षेप?"

त्याने डोळे उघडले. आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

"फासा टाकू?" मी विचारलं.

"ठेवा हो तो फासा," तो म्हणाला. "गाऱ्हाण्याला हो म्हटल्यावर आता नाही कुठून म्हणू? वहिनी, फसवलंत!"

"मी कुठे फसवलं भाऊजी?" बायको म्हणाली. "तुम्हीच ओरडलात!"

काकांनी मांडीवर थाप मारली. "जावईबापू, ओलांडली खिंड!" वहिनीने टाळ्या पिटल्या. बायकोने नारळ पायरीवर फोडला आणि पहिला तुकडा स्टोअरकीपरला दिला. त्यानेही तो हसत खाल्ला.

मेहुण्याने खोका तिच्या हातात ठेवला. तो काखेत मारून ती माझ्याकडे वळली.

"उठा आता त्या जागेवरून. उद्यापासून गोष्ट मी सांगणार."

मी उठलो.