उचलून घेतलेली गाडी

मोटारसायकलीतलं रोह्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं माझं मत आहे. बायकोला ते मान्य नाही, पण तिला सायकलसुद्धा येत नाही, तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ. आमच्या कंपनीत कुणालाही गाडी घ्यायची झाली की तो आधी माझ्याकडे यायचा. "विठूभाऊ, कुठली घेऊ?" मी सांगेन ती घ्यायचा. एकट्या हिरामणने तसं केलं नाही.

हिरामण खाडीकाठचा. रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावाहून खाली खाडीच्या अंगाला गेलं की डांबरी रस्ता संपतो आणि मातीचा बांध सुरू होतो. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला भाताची शेतं, आणि बांध संपतो तिथे त्याचं गाव. पोरवयापासून पेणकडच्या मिठागरांवर मिठाच्या पाट्या वाहिलेला माणूस. अंगाने काटक, तोंडाने मुका म्हटला तरी चालेल. नव्वदच्या सुमारास तो आमच्या कंपनीत लागला आणि माझ्याच शिफ्टला आला. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला, कारण मी बोलत असताना तो मध्ये बोलत नसे.

पण त्याची नोकरी अजून कच्ची होती. कायम व्हायचं तर उमेदवारीच्या काळात खाडा चालत नसे आणि उशीरही चालत नसे. हिरामणला दोनदा उशीर झाला होता. बांध तुडवायचा, मग अष्टमीपर्यंतचा रस्ता, मग पूल ओलांडून रोहा, आणि तिथून कंपनी. माणूस येणार कधी? सुपरवायझरने त्याला बजावलं, "आता एकदा जरी चुकलास तर यंदा कायमच्या यादीत तुझं नाव नाही."

मी लगेच अष्टमीत त्याच्यासाठी खोली पाहिली. दारात नळ, समोर वाण्याचं दुकान. हिरामणने मान हलवली.

"नको विठूभाऊ. आमच्यात बांदाला घरटी येक मानूस लागतं. मी हितं आलो त माज्या घराचा मानूस कोन?"

त्यांच्याकडे बांध साऱ्या गावाचा असतो. उधाणाची भरती बांध फोडून आत शिरली की 'खांड गेली' म्हणतात, आणि एकदा खांड गेली की खारं पाणी शेतात बसतं, मग पुढची काही वर्षं तिथे भात धरत नाही. म्हणून प्रत्येक घरातून एक गडी बांधाच्या कामाला जायलाच हवा. हिरामणच्या घरात तो आणि त्याची बायको जनी, दोघंच. त्याची स्वतःची जमीन म्हणाल तर हातरुमालाएवढी. पण माणूस द्यायचा म्हणजे द्यायचा.

"मग गाडी घे," मी म्हणालो. खरं सांगायचं तर ते मी खोली पाहण्याआधीच म्हणायला हवं होतं. गाडीचं नाव काढलं की मला चार घास जास्त जातात.

रस्ता संपतो तिथे गाडी ठेवण्यात अर्थ नव्हता. तिथे ना घर ना टपरी. सकाळी गाडीचा सांगाडा तरी मिळाला असता की नाही देव जाणे. गाडी घरापर्यंतच न्यायला हवी होती, म्हणून हिरामण बांधाचा कारभार पाहणाऱ्या महिपतीनानांकडे विचारायला गेला. नाना म्हणजे काठीला धोतर नेसवलेलं. आवाज मात्र खाडीपल्याड जाईल असा. त्यांनी गावासमोर अट घातली.

"चाकाचा चर पडतं, चरात पानी राहतं, आनि मंग बांद फुगतो. बांदावर गाडी चालू कराची नाय. हातान ढकलत ने. आनि उघाडीवर उचलून ने. कबूल?"

उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार. तिथे बांध तुटलेला असतो आणि वर नुसत्या फळ्या टाकलेल्या. हिरामण म्हणाला, "कबूल."

ही अट त्याने मला सांगितली होती. मी ती कानाआड केली. म्हटलं, म्हाताऱ्यांचं काय, चार दिवस बोलतील.

सुट्टीच्या दिवशी आम्ही पॅसेंजरने पेणला गेलो. गाडीत पूर्ण वेळ मी त्याला ॲव्हरेज, पिकअप आणि सस्पेन्शन समजावून सांगत होतो. तो निडी स्टेशनापासून पेणपर्यंत मान डोलवत होता, म्हणून मला वाटलं, पटतंय. दुकानात पोपटशेठ माझ्या ओळखीचे. मी थेट एका दणकट गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. काळी कुळकुळीत, टाकी अशी की पाहूनच पोट भरावं.

"ही घे. डोळे झाकून घे."

हिरामणने डोळे झाकले नाहीत. तो वाकला, मागच्या चाकाशी हात घातला आणि गाडी उचलून पाहिली. मग पुढून उचलली. मग मधोमध खांदा लावून दोन्ही चाकं एकदम सुटतात का ते पाहू लागला. पोपटशेठ काउंटरमागून धावत आले.

"अहो, काय करताय? गाडी आहे, बटाट्याचं पोतं नाही!"

"वजन बगतो, शेठ. हलकी हाय का येखादी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं या दुकानात मी लोकांना मायलेजवर व्याख्यानं दिली आणि माझ्याबरोबर आलेला माणूस गाड्या कोंबड्यांसारख्या उचलून पाहत होता! एकेक करत त्याने दुकानातल्या सगळ्या गाड्या उचलल्या. शेवटी अगदी कोपऱ्यातली, धूळ बसलेली एक चिमुकली मोटारसायकल त्याने खांद्यावर घेतली, चार पावलं टाकली, खाली ठेवली आणि म्हणाला, "ही."

"अरे, ही गाडी आहे की शिलाई मशीन? तू आणि जनी बसलात तर चाकं जमिनीत जातील."

"नाकापरास मोती जड नको, भाऊ. जनी चालंल बांदावर. उघाडीला मागून हात देल."

परत येताना मी मागे बसलो. नागोठणं गेलं आणि पुढे निडीच्या अलीकडे चढ लागल्यावर मला उतरून चालावं लागलं. मोटारसायकलीचा जाणकार मी, आणि नव्या कोऱ्या गाडीच्या मागून पायी चाललोय! त्या दिवशी मी त्याच्याशी पुलापर्यंत बोललो नाही. कंपनीत मात्र मीच सगळ्यांना सांगितलं, आणि 'शिलाई मशीन' हे नाव त्या गाडीला कायमचं चिकटलं. हिरामण हसायचा. पण त्यानंतर त्याला एकदाही उशीर झाला नाही. रोज घरून बांधावर ढकलत, उघाडीवर उचलून, रस्त्याला लागला की किक मारायची. येताना तेच उलटं. चिखलाच्या दिवसांत एक पाऊल पुढे तर दोन मागे, तरी त्याने बांधावर इंजिन लावलं नाही. "कोण बघतंय तुला?" मी विचारलं. "कोन कशाला बगायला हवा?" तो म्हणाला.

कोजागरी होऊन गेली होती. भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळं पडू लागलेलं, कापणी तोंडावर. आमची दुसरी पाळी होती. उमेदवारी संपायला आठवडासुद्धा राहिला नव्हता. गेटवर मी त्याची वाट पाहत होतो. भोंगा झाला. हिरामण आला नाही. त्या दिवशी मशीनवर मी दोनदा चुकलो आणि पूर्ण पाळीभर त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या: तरी सांगत होतो, दणकट गाडी घे!

काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. पौर्णिमेनंतरचं दुपारचं उधाण चढलं होतं. खाडी बांधाच्या गळ्याशी आलेली. हिरामण गाडी ढकलत निघाला आणि उघाडीच्या पुढे त्याच्या पायाला ओल लागली. बांध कोरडा ठणठणीत, आणि तेवढीच जागा ओली. त्याने खाली वाकून पाहिलं. शेताच्या अंगाने खेकड्याच्या बिळातून पाणी येत होतं, मनगटाएवढं, आणि गढूळ. गढूळ म्हणजे पाणी आतली माती घेऊन येतंय. थोड्या वेळाने तिथे बीळ राहिलं नसतं, खांड झाली असती.

त्याने हाका मारल्या. वारा उलटा, गाव लांब, दुपारची वेळ. कुणी आलं नाही. गावात धावत जाऊन माणसं आणावीत तर तोवर बांध राहील याचा भरवसा नाही. तेव्हा त्याने जे कधी केलं नव्हतं ते केलं. बांधावर गाडीला किक मारली, मूठ पिळली आणि हॉर्नवर अंगठा दाबून धरला.

गाव ताडकन उठलं. मदतीला नव्हे, भांडायला! बांधावर गाडी चालू केली म्हणजे काय? सगळ्यात पुढे महिपतीनाना, काठी उगारून, आईबापाचा उद्धार करत. माणसं निघालेली दिसताच हिरामणने गाडी तिथेच टाकली आणि खाली उतरला. नाना पोचले तेव्हा तो कमरेभर चिखलात उभा होता, कंपनीचा युनिफॉर्मचा शर्ट बिळात कोंबून त्यावर पाठ लावून. नानांची काठी वरच्या वर राहिली.

"नाना, चिकल टाका आदी. शिव्या मंग घाला."

गावाने चिखलाची ढेकळं टाकली, पेंढा कोंबला, बायकांनी पाट्या वाहिल्या, त्यात जनीसुद्धा. भरती उतरेपर्यंत कुणी हललं नाही. बांध वाचला. हिरामणची पाळी मात्र गेली. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हळहळला आणि म्हणाला, नियमापुढे माझा इलाज नाही. त्या वर्षी यादीत हिरामणचं नाव लागलं नाही. पुन्हा पहिल्यापासून उमेदवारी. मला इतका राग आला की मी दोन दिवस सुपरवायझरशी बोललो नाही. त्याला ते कळलं नसावं.

सुट्टी आली तसा मी हिरामणच्या गावी गेलो. सगळीकडे भात उभं होतं, वाऱ्यावर सळसळत होतं, आणि त्यातलं त्याचं म्हणाल तर तेवढंच, हातरुमालाएवढं. महिपतीनाना त्याच्याच ओट्यावर बसले होते. मला पाहून त्यांना जास्तच चेव आला असावा. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हिरामण, गावानी ठरवलाय. आजपासना तू बांदावर गाडीवर बसून जा. तुला कोन काय बोलनार नाय."

मला फार बरं वाटलं. म्हटलं, नोकरीचं राहिलं, पण निदान एवढं तरी पदरात पडलं. आता एखादी दणकट गाडी घेता येईल, असंही मनात येऊन गेलं.

हिरामण गाडी पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

"नको नाना. त्या दिवशी बसून गेलो असतो त पायाला ओल लागली नसती."

पुढच्या वर्षी तो कायम झाला. ती गाडी त्याच्याकडे अजून आहे, आणि बांधावर तो अजून ती ढकलतच नेतो.