तांदळाच्या दोन पिशव्या

मी अमेरिकेत फ्रीमाँटला आल्यापासून रोज संध्याकाळी दादाच्या घरी कोणीतरी डबा घेऊन येतं. डब्याबरोबर दादाचा एक किस्सा. आता फ्रिजमध्ये डबे मावत नाहीत आणि डोक्यात किस्से. मी दहावी नापास, कराडजवळ हायवेला माझं गॅरेज आहे. लिहायची सवय नाही. पण लिहिलं नाही तर सगळं एकमेकांत मिसळेल.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ मिलिंद, इंजिनिअर. तो आणि त्याचे इथले मित्र, नागपूरचा निखिल, पुण्याचा पराग आणि शुभदाताई, सुट्टीत बर्फाचे डोंगर चढायचे. दीड महिन्यापूर्वी दादा हिमनदीवरच्या एका भेगेत पडला. क्रेव्हास म्हणतात हे लोक. तिघांनी दोर धरून ठेवला. दोन तास. पण त्याला वर ओढता आलं नाही.

*

शुभदाताईचा किस्सा. डोंगरावर जायच्या आधी दादा यांच्याकडून पार्कात प्रॅक्टिस करून घ्यायचा. एकाने उंच बांधाखाली लोंबकळायचं, बाकीच्यांनी दोर आणि पुली लावून ओढायचं. एकदा ताई खालून अगदी मन लावून "हेल्प! हेल्प!" ओरडली. कुत्रं फिरवणाऱ्या एका गोऱ्या आजींनी ते ऐकलं आणि थेट ९११ लावला. पोलीस, अँब्युलन्स, बंब!

दादा म्हणाला, "सॉरी ऑफिसर, वी आर ओन्ली रेस्क्यूइंग."

ऑफिसर म्हणाला, "फ्रॉम व्हॉट? ग्रास?"

*

परागचा किस्सा. दादा घरातच, वरच्या मजल्याच्या कठड्याला दोर बांधून चढायची प्रॅक्टिस करत होता. गाठ अडकली. तेवढ्यात शेजारच्या जोशी काकू आत आल्या.

"मिलिंद, कढीपत्ता आहे का रे?"

"फ्रिजमध्ये, काकू. खालच्या कप्प्यात."

काकूंनी कढीपत्ता घेतला, दार लोटलं आणि गेल्या! पराग येईपर्यंत दादा तसाच लटकलेला. "अरे, मदत मागायची ना!" तर म्हणे, "त्यांची फोडणी करपली असती यार."

*

हा माझा. दादाने एकदा डोंगरावरून व्हिडिओ कॉल केला. आधी सगळं पांढरं. मग त्यात एक निळी रेघ. फोन जवळ गेला तशी रेघ उघडत गेली. आत निळ्यात निळं, खाली खाली जाणारं.

"बारक्या, आतून गार वारा येतो बघ. पलीकडच्या खोलीत कोणी खिडकी उघडी ठेवल्यासारखा."

"दादा, मागं हो की!"

"बांधलेला आहे रे मी!"

हल्ली डोळा लागला की मी त्या निळ्या खोलीत असतो. दादा बूट काढून बसलेला असतो, हातात चहा. वर बघत असतो. त्याला काही घाई नसते. मलाच असते.

*

निखिलने इतके दिवस काही सांगितलं नव्हतं. एअरपोर्टवरच मी त्याची कॉलर धरली होती, "तिघांना एक माणूस ओढता येत नाही?" परवा तो स्वतःच बोलला.

"प्रॅक्टिसला आम्ही सगळे आळीपाळीने खाली जायचो. दादा कधीच नाही. त्याला म्हटलं की म्हणायचा, 'मला ओढायला क्रेन लागेल! माझ्या भावाला बोलवा कराडहून!' मग त्याच्या पाळीला दोराला तांदळाच्या दोन पिशव्या बांधायचो. दोन मिनिटांत वर! दादा टाळ्या वाजवायचा. आम्हीही कधी आग्रह धरला नाही. मोठ्या माणसाला खड्ड्यात कसं ढकलायचं?"

गॅरेजवर मी ट्रक ओढून काढतो. मी आधी हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

*

रविवारी मी म्हणालो, "चला पार्कात. मला टाका."

"नको रे," शुभदाताई म्हणाली.

मी दादाचं जॅकेट घातलं, कमरेला दोर अडकवायचा त्याचाच हार्नेस बांधला. आमचं वजन सारखंच. बांधाखाली लोंबकळलो. वर दोर ताणला आणि थांबला.

"नाही जमत!" परागचा आवाज.

"अजून एक पुली लाव!" मी खालून ओरडलो. "झाडाला बांध ती! आता ओढा!"

मी हळूहळू वर जाऊ लागलो. बांधाची माती डोळ्यांसमोरून खाली सरकत होती, वरचं आभाळ रुंद होत होतं. खूप निळं होतं. मग काठ आला. मग गवत.

तिघे थांबेचनात. डोळे गच्च मिटलेले. मी गवतावरून पाठीवर घसरत झाडाकडे चाललो होतो.

त्याच आजी कुत्रं घेऊन उभ्या होत्या. या वेळी त्यांनी फोन काढला नाही. जवळ आल्या, शुभदाताईच्या मुठीवर हात ठेवला.

"ही इज आउट, हनी. ही इज आउट!"

ताईने दोर सोडला. परागने सोडला.

निखिल ओढतच होता.