आठवीच्या वर्गातलं दुसरं सत्तावन्न

२००८-०९च्या त्या हिवाळ्यात माझ्या आठवीच्या वर्गात दर रविवारी एखादं बाक रिकामं असायचं. दुबईत तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आठवडा रविवारी सुरू व्हायचा. गुरुवारी "बाय मिस" म्हणून गेलेलं मूल रविवारी यायचंच नाही. दुपारपर्यंत ऑफिसातून चिठ्ठी यायची, अमुक रोल नंबर कमी करा. मुलं एकमेकांना काही विचारायची नाहीत. रिकाम्या जागेवर शेजारचा आपलं दप्तर ठेवायचा आणि खलास.

मी दुबईतल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायचे. नवरा फुजैराला, तेलाच्या टर्मिनलवर. तो तिकडच्याच क्वार्टर्समध्ये राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यामुळे पाच दिवस घरात मी एकटी आणि सकाळी सहाला शाळेची बस. बस मुहैस्नाहवरून जायची. तिथल्या लेबर कॅम्पांच्या वस्तीला सगळे सोनापूर म्हणतात. मुंबईत वाढलेल्या माझ्या आईला मी फोनवर हे नाव सांगितलं तेव्हा ती दचकली होती, कारण तिच्या लेखी सोनापूर म्हणजे स्मशान. कॅम्पांतून साइटवर निघालेल्या बसगाड्यांची रोज एवढी रांग असायची, की आमची बस दहा-पंधरा मिनिटं अडकायची. त्या जानेवारीत बसगाड्या कमी झाल्या आणि आम्ही अडकेनासे झालो. ड्रायव्हर खूश होता. मला मात्र शाळेत वेळेआधी पोचायचा राग यायला लागला.

राग आणखी एका गोष्टीचा होता. काय चाललंय ते कोणी तोंडाने म्हणत नव्हतं. स्टाफरूममध्ये, लिफ्टमध्ये, सुपरमार्केटच्या रांगेत, सगळीकडे एकच शब्द, 'रीस्ट्रक्चरिंग'. कोणाच्या नवऱ्याची नोकरी गेली की 'ते ब्रेक घेताहेत'. जणू आजारपण होतं आणि नाव घेतलं तर लागण झाली असती.

दरवर्षी परीक्षेआधी शाळेत प्रदर्शन व्हायचं. विज्ञानवाल्यांचे ज्वालामुखी दारातच, आणि इतिहास जिन्याखाली. त्या वर्षी मी भांडून हॉल मिळवला आणि विषय जाहीर केला: अठराशे पन्नास ते साठ, या दहा वर्षांतलं जग. आपलं सत्तावन्न मुलांना पाठ होतं, पण त्या दहा वर्षांत मेरठ आणि दिल्लीशिवाय कुठे काही घडलंच नाही, असं त्यांना वाटायचं. मी फळ्यावर यादी लिहिली. कोणी क्रिमियाचं युद्ध घेतलं, दोघींनी जपानच्या किनाऱ्याला लागलेल्या अमेरिकन आगबोटी, एकाने बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली रेल्वे. अमेरिकेतल्या पहिल्या तेलाच्या विहिरीसाठी तर भांडण झालं. त्रेपन्न साली इथल्याच किनाऱ्यावरच्या शेखांनी समुद्रात पुन्हा न लढण्याचा तह केला होता. तो विषय एका मुलाने लगेच उचलला. त्याच्या वडलांचं दुकान देऱ्याच्या खाडीवर होतं, त्याला तो घरचाच मामला वाटला.

यादीत सगळ्यात खाली मी लिहिलं होतं, "१८५७: बँका बंद". एकही हात वर झाला नाही.

मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. वर्गात फारशी न बोलणारी, नाशिकची. घरी मराठी बोलायची, शाळेत माझ्याशी इंग्रजीच.

"मिस, देअर वॉज अनदर एटीन फिफ्टी-सेव्हन?"

होतं, मी म्हटलं, आणि सांगितलं. आपल्याकडे दिल्लीला वेढा पडला होता, त्याच उन्हाळ्याच्या शेवटी न्यूयॉर्कमधली पैसे फिरवणारी एक मोठी कचेरी कोसळली. मग खाणीतलं सोनं घेऊन येणारी एक आगबोट वादळात बुडाली आणि लोकांचा उरलासुरला धीर सुटला. बँकांपुढे गर्दी झाली, दारं बंद झाली. तेव्हा अटलांटिकपलीकडे तारा गेल्या नव्हत्या, बातमी बोटीने गेली. बोट पोचेल तसतशी घबराट पोचली, आधी इंग्लंडात, मग जर्मनीतल्या बंदरांत. कारखाने थांबले, माणसं कामावरून निघाली.

तिने वहीत लिहिता लिहिता विचारलं, "अँड दे ऑल वेंट होम?"

"काही गेले. काही मोर्चा काढून रस्त्यावर आले आणि काम द्या म्हणाले."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. खाडीवाल्या मुलाने पेन खाली ठेवलं. त्या मुलीच्या वडलांची नोकरी गेल्याचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वर्गाला बहुधा ठाऊक होतं.

आठवड्याभराने आमच्या सुपरवायझर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या लखनौच्या, बोलणं गोड, कपड्यांना कधी चुणी नाही. समोर माझी विषयांची यादी होती आणि शेवटच्या ओळीवर लाल रेघ.

"मॅम, ये वाला हटा दीजिए. चीफ गेस्ट कन्स्ट्रक्शन लाइन के हैं. पेरेंट्स वैसे ही परेशान हैं. थोड़ा पॉझिटिव्ह रखते हैं ना."

"ये इतिहास है, मॅडम. डेढ़ सौ साल पुराना."

"समझ रही हूँ. पर वो बच्ची तो जा रही है. टीसी की ॲप्लिकेशन आ गई. रोल से नाम भी कट गया."

मला ते असं कळलं. मी खुर्चीतून उठले आणि म्हटलं, "विषय राहील. मुलगी इथे आहे तोवर तीच मांडेल." हे मी मराठीत बोलून गेले. मग हिंदीत पुन्हा सांगितलं, कारण त्यांना ते नीट कळावं अशी माझी इच्छा होती.

"फिर जिम्मेदारी आपकी."

"मेरी."

गुरुवारी नवरा आल्यावर त्याला जेवताना सगळं सांगितलं. तो भांडणारा माणूस नाही. आमटी ओरपता ओरपता म्हणाला, "तुझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय."

"माहीत आहे."

"मग आत्ताच कशाला? पुढच्या वर्षी घे हा विषय."

"पुढच्या वर्षी सगळं ठीक झालं, तर हा विषय घेऊन मी करू काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, भाताचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाला, "वाढ." आमच्या घरात याचा अर्थ, कर तुला काय करायचं ते.

मुलीचे वडील टीसी न्यायला आले ते भर दुपारी, इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अजून तसंच. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत ते बांधकामाच्या मोजमापांचं काम बघायचे. ज्या टॉवरची मोजमापं ते दोन वर्षं काढत होते, तो अकराव्या मजल्यावर थांबला होता. व्हिसा रद्द झाला होता आणि महिन्याभरात देश सोडायचा होता. कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला थांबवलं. शेजारी मुलगी उभी होती, हातात प्रदर्शनासाठी काढायच्या नकाशाचं कच्चं चित्र.

"मॅडम, एक विनंती होती. हिला त्या दिवशी उभी करू नका."

"का?"

"लोक काय म्हणतील? बापाचंच सांगत्येय. आम्ही काय तमाशा आहोत का?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "सॉरी. पण शांतपणे जायचंय आम्हाला. कोणाला कळायला नको."

आतापर्यंत मी शाळेशी भांडत होते. या माणसाशी भांडायचा मला हक्क नव्हता. नाही उभी करत, असं मी म्हणून टाकणार होते, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, आयम नॉट टॉकिंग अबाउट यू. इट्स एटीन फिफ्टी-सेव्हन."

कोणी ऐकत नाही ना, हे त्यांनी मागे वळून पाहिलं.

"अँड व्हाय शुडन्ट दे नो?" तिची नजर खाली गेली नाही. "तुम्ही काय चोरी केलीय?"

शेवटचं वाक्य तिने मराठीत विचारलं. शाळेच्या आवारात तिचं मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं. वडलांनी भिंतीला हात टेकला. पट्टेवाला पाण्याची बाटली घेऊन आला, त्यांनी ती तशीच हातात धरून ठेवली. मग मुलीच्या हातातलं चित्र घेऊन म्हणाले, "मॅडम, नकाशा केवढा पाहिजे? कार्डबोर्डची साइज सांगा."

तो नकाशा त्यांनी घरी बसून तीन दिवसांत काढला. अटलांटिक समुद्र, दोन्हीकडची बंदरं, त्यांच्यामधून जाणारी बोटींची वाट, आणि प्रत्येक बंदराजवळ बातमी पोचायला लागलेले दिवस, इंजिनीअरच्या सुबक अक्षरात. एकही रेघ वाकडी नव्हती.

प्रदर्शनाच्या सकाळी मी हॉलमध्ये गेले, तर जपान आणि तेलाची विहीर यांच्यामध्ये त्या मुलीचं टेबलच नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी स्वतः लावून गेले होते. पट्टेवाल्याने नजर चुकवली. "ऊपर से ऑर्डर, मॅडम." चीफ गेस्ट यायला वीस मिनिटं होती. मी स्टोअरकडे धावले, त्याला कुलूप. परत आले तोवर खाडीवाल्या मुलाने आपल्या टेबलावरची गलबतं एका कोपऱ्यात ढकलली होती. जपानवाल्या पोरींनी आगबोटी खाली उतरवल्या होत्या. दोन टेबलं जोडून मधे जागा झाली आणि तिघांनी मिळून मुलीच्या हातातला तो नकाशा मागच्या भिंतीला टाचला. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

"यल्ला, चलो, मिस," तो मुलगा म्हणाला, "स्टँड हिअर, नो? दे विल कम."

पाहुणे आले. सुपरवायझर मॅडम त्यांच्या शेजारी, हसऱ्या चेहऱ्याने. नकाशा दिसताच त्यांची पावलं अडखळली, पण तोवर मुलीने बोलायला सुरुवात केली होती. ती पाठ केलेलं बोलली नाही. कचेरी कशी कोसळली, बोट कशी बुडाली, लोक बँकेच्या दारात कसे उभे राहिले. मग म्हणाली, त्या वेळच्या श्रीमंत लोकांनी सांगितलं की हे गरिबांच्या उधळपट्टीमुळे झालं, पण बँका गरिबांच्या नव्हत्या. हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. पाहुण्यांनी "व्हेरी गुड" म्हटलं, घड्याळ पाहिलं आणि ते तेलाच्या विहिरीकडे वळले. सगळं मिळून दीड मिनिट.

पण पालक हलले नाहीत. कामाचा दिवस, सकाळचे अकरा वाजलेले, आणि हॉलमध्ये एवढे वडील मी आठ वर्षांत कधी पाहिले नव्हते. त्यांनी तिला पुन्हा सांगायला लावलं. एक जाडजूड पंजाबी गृहस्थ सगळं ऐकून म्हणाले, "बेटा, फिर ठीक कब हुआ?" ती म्हणाली, पुस्तकं दोन वर्षं म्हणतात, पण कोणाला विचारून लिहिलंय ते माहीत नाही. ते हसले. मग शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "मेरी तो दिसंबर में गई." तो माणूस म्हणाला, "मेरी परसों." तिसऱ्याने आपलं सांगितलं. रीस्ट्रक्चरिंग हा शब्द कोणी काढला नाही. मुलीचे वडील दाराजवळ उभे होते. कोणीतरी विचारलं, नकाशा किसने बनाया? त्यांनी हात वर केला.

दुसऱ्या आठवड्यात ते कुटुंब गेलं आणि मला खुलासा मागणारं पत्र आलं. सूचना देऊनही विषय का ठेवला, आणि पटावर नसलेल्या विद्यार्थिनीला का उभं केलं. स्टाफरूममधल्या मैत्रिणी म्हणाल्या, दोन ओळींत माफी लिही, विषय मिटेल. मी दोन ओळीच लिहिल्या. विषय मी निवडला, मुलीला मी उभं केलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. सही केली, तारीख घातली, एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवली. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. कारण दिलं विद्यार्थिसंख्येचं, आणि ते खोटंही नव्हतं.

रडले का? रडले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी घर आवरायला घेतलं.

मुलीचं मेल ऑगस्टमध्ये आलं. नाशिकच्या शाळेत तिला मराठीच्या पेपरात कमी मार्क पडले होते आणि ती बाईंशी वाद घालून पेपर पुन्हा तपासून घेत होती. वडलांना ठाण्याला काम मिळालं होतं, आधीपेक्षा लहान. मी ते मेल नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बिचाऱ्या त्या बाई."

आम्ही दुबईतलं घर सोडून फुजैराला एकत्र राहायला लागलो. लग्नाच्या बाविसाव्या वर्षी नवऱ्याला रोज भेटणं ही तशी गंमतच होती. तिथे भारतीय वस्ती लहान, शाळा त्याहून लहान. मुलाखतीला गेले तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, आधीची नोकरी का सुटली? रिसेशन म्हटलं असतं तर कोणी पुढे विचारलं नसतं, तेव्हा सगळ्यांचं तेच उत्तर असायचं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, खुलाशाच्या पत्रातल्या दोन ओळींसकट. त्या ऐकत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "इथेही असंच करणार?"

"हो," मी म्हटलं. "आधीच सांगून ठेवते."